प्लास्टिकचे काँक्रीट : पन्नी वेचणार कोण आणि ब्लॉक बसणार कुणाच्या दारात?



मुखेडच्या आमच्या वस्तीतली दोन पोरे सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेत. मागच्या महिन्यात विहारातल्या अभ्यासिकेत ती आपल्या प्रोजेक्टचा विषय घेऊन आली. वाळूच्या जागी प्लास्टिकचा चुरा घालून काँक्रीट करायचे. मोबाईलवर व्हिडिओ, वहीत तक्ते, पिशवीत कात्रीने कापलेले बाटल्यांचे तुकडे. एकाने मोठ्या उत्साहाने सांगितले की यात सगळ्यांचाच फायदा आहे; कचरा संपतो, नदीतली वाळू वाचते, काँक्रीट वजनाला हलके होते. मागे एक आजी बसली होती. बसस्टँड आणि बाजारातली पन्नी वेचण्यात तिची वीसेक वर्षे गेली. तिने एवढेच विचारले, "आन् ही पन्नी येचणार कोन, बाबा?"

सगळे हसले. पोरे गप्प झाली, कारण त्यांच्या वहीत या प्रश्नाला रकानाच नव्हता. त्यात सिमेंट होते, वाळू होती, खडी होती, प्लास्टिकची टक्केवारी होती. प्लास्टिक आपोआप येऊन पडते असे धरले होते. त्यात पोरांची चूक नाही. त्यांना शिकवणाऱ्यांच्या पुस्तकातही हा रकाना नाही.

आम्ही त्या दिवसापासून या विषयावर वाचतोय, विचारतोय, गवंडी आणि भंगारवाल्यांशी बोलतोय. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्लास्टिकचे काँक्रीट हे तंत्रज्ञान वाईट नाही. पण आजच्या व्यवस्थेत ते जसे येईल तसे येऊ दिले, तर कचरा वेचायला आपल्याच बाया असतील, कच्चे काम पहिल्यांदा आपल्याच वस्तीत होईल आणि बिल तिसराच कुणीतरी उचलेल. म्हणून ते येण्याआधी बोलायला हवे.

पहिली गोष्ट, आम्ही यंत्राच्या आणि विज्ञानाच्या विरोधात नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री होते तेव्हा त्यांच्याकडे वीज, सिंचन आणि सरकारी बांधकामही होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्यात आकाराला आली. धरण, वीज, कारखाना याशिवाय या देशातल्या गरिबाची सुटका नाही असे त्यांचे मत होते. तेव्हा कुणी 'नवीन काही आले की तुम्ही लोक आडवे पडता' असे म्हणाले, तर त्याला हे सांगा.

आता हे तंत्रज्ञान नेमके काय आहे ते बघू. मराठी मुलखाच्या जवळ एक ठोस काम गोव्यात झाले. फोंड्याजवळ फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथले प्राध्यापक आणि इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचे संशोधक यांनी मिळून काँक्रीटची अकरा वेगवेगळी मिश्रणे करून पाहिली. वेगवेगळ्या जातीचे प्लास्टिक, तुकड्यांचे वेगवेगळे आकार, तुकड्यांवर रसायनाची प्रक्रिया करून आणि न करता. 2018 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घनफळाने 10 टक्के वाळू काढून तिच्या जागी प्लास्टिक घालता येते आणि पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, म्हणजे पेट, वाळूच्याच मापाने बारीक केले तर ताकद फारशी घटत नाही. असे सगळीकडे केले तर वर्षाला 82 कोटी टन वाळू वाचू शकते असा त्यांचा हिशेब आहे.

10 टक्के म्हणजे किती, हे आम्ही पोरांबरोबर बसून काढले. एक घनमीटर काँक्रीटला साधारण 700 किलो वाळू लागते. तिच्यातली दहावा हिस्सा जागा पेटच्या चुऱ्याने भरायची तर सुमारे 35 किलो चुरा लागतो. लिटरभर पाण्याची रिकामी बाटली 25 ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका घनमीटरला 1,400 बाटल्या. शंभर मीटर लांब आणि तीन मीटर रुंद गल्लीत 60 मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवायचे तर 18 घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे 25 हजार बाटल्या. एका गल्लीसाठी पंचवीस हजार वेळा कुणीतरी वाकायचे. आजीचा प्रश्न हाच होता, फक्त तिने गणित केले नव्हते.

डांबरी रस्त्याचे काम याहून जुने आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकून तिला लेप द्यायचा आणि मग डांबर मिसळायचे अशी पद्धत काढली. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसने 2013 मध्ये त्याची नियमावली केली. 2015 मध्ये केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने मोठ्या शहरांभोवतीच्या डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लास्टिक वापरा असे सांगितले. तिथे नियम आहे, प्रमाण ठरलेले आहे, कुठले प्लास्टिक चालत नाही तेही लिहिलेले आहे. पीव्हीसी चालत नाही.

काँक्रीटचे तसे नाही, आणि इथे आपल्या पोरांनी नीट लक्ष द्यावे. काँक्रीटमध्ये खडी-वाळू म्हणून काय चालते ते भारतीय मानक 383 सांगते. 2016 च्या सुधारणेत लोखंड, पोलाद आणि तांब्याच्या भट्टीतली मळी आली, जुने काँक्रीट फोडून केलेली खडी आली. प्लास्टिक आलेले नाही. म्हणजे ज्याला लोड घ्यायचा आहे अशा स्लॅबमध्ये, बीममध्ये, कॉलममध्ये प्लास्टिक घालायला आज मानकाचा आधार नाही. कारणे सोपी आहेत. प्लास्टिक गुळगुळीत असते, त्याला पाणी धरत नाही, सिमेंटची पेस्ट त्याला चिकटून बसत नाही. प्रमाण वाढवत नेले की ताकद पडत जाते. पीव्हीसीचे तुकडे मिसळले गेले आणि पुढे कधी आग लागली तर त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती आतल्या सळईला खाते. आणि आग हा तर मोठाच मुद्दा आहे. साधे काँक्रीट दोन-अडीचशे अंशांना फारसे ढळत नाही. कॅरीबॅगचे प्लास्टिक सव्वाशे अंशांच्या आसपासच वितळते, पेट अडीचशेला. वितळले की आत पोकळ्या राहतात.

आगीचा मुद्दा आम्ही सहज काढलेला नाही. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत आपली घरे जाळली गेली. नांदेड जिल्हा त्यात पुढे होता. जळाली ती काडाची, तुराट्यांची, कुडाची घरे होती. आपल्या लोकांच्या मनात सिमेंटच्या घराची जी ओढ आहे तिच्या मुळाशी ही आठवण आहे. एखाद्या म्हाताऱ्याला घरकुल मंजूर झाले की तो पहिल्यांदा 'स्लॅब पडणार ना?' असे विचारतो, पत्र्याला तयार होत नाही, तेव्हा अधिकारी हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. त्या स्लॅबमध्ये कुणी 'पर्यावरणपूरक' म्हणून पन्नी कोंबायला निघाला तर आम्ही ते होऊ देणार नाही. घराच्या लोड घेणाऱ्या भागात प्लास्टिक नको. मानक येईपर्यंत तर नाहीच, आणि आले तरी आधी मंत्रालयाच्या नव्या इमारतीत घालून दाखवा, मग आमच्या घरकुलात.

कुणी म्हणेल, घरकुलात कोण कशाला प्लास्टिक घालेल? ज्याला वाळू मिळत नाही तो घालेल. आपल्या भागातली मांजरेची लाल वाळू कुठे जाते हे बिलोली-देगलूरच्या रस्त्यावर रात्री उभे राहिले तर दिसते. ती हैदराबादेपर्यंत जाते. 2025 च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रास वाळू मोफत देण्याचे ठरले. कागदावर चांगलेच आहे. पण नदीपासून दारापर्यंत आणायचा ट्रॅक्टर मोफत नाही, आणि पास हातात पडेपर्यंत बायको-पोरे ताडपत्रीखाली. केंद्राच्या ग्रामीण घरकुलाला मैदानी भागात मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. त्यात माणूस घर बांधतो की कर्ज काढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला स्वस्तातला चुरा कुणी आणून दिला तर तो नाही म्हणेल का?

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडी प्रकल्पाच्या भागातली रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे रात्रीतून पाण्यात गेली. हसनाळमध्ये माणसे गेली, गोठ्यातली जनावरे बांधल्या जागी गेली. पाणी उतरल्यावर बाभळींना, कुंपणाच्या तारांना सगळीकडे पन्नी लोंबत होती. पुनर्वसनाचे भांडण तिथे किती वर्षांचे आहे ते त्या गावातल्या माणसांकडून ऐका, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच सांगायचे की या भागात पुढची काही वर्षे शेकडो घरे उभी राहायची आहेत आणि घाईत, पावसाळ्याच्या आत, गुत्तेदारामार्फत उभ्या राहणाऱ्या घरांत काय काय मिसळले जाते हे आपण पाहिलेले आहे.

आता पेव्हर ब्लॉककडे येऊ, कारण प्लास्टिकचे काँक्रीट आपल्या दारात पहिल्यांदा येईल ते याच वाटेने. दलित वस्तीचा निधी (योजनेचे नाव सरकारने बदलले, लोक अजून असेच म्हणतात) बहुतेक ठिकाणी कशावर खर्च होतो? नाली, सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक, कमान. अभ्यासिकेला पैसे नसतात, ब्लॉकला असतात. कारण ब्लॉकचे मोजमाप सोपे, एमबी लिहायला सोपी, बिल काढायला सोपे. आमच्याच एका गल्लीत बसवलेले ब्लॉक दुसऱ्या पावसाळ्यात असे बसले की मधोमध नाली तयार झाली. उकरून पाहिले तर खाली मुरूम नावालाच होता आणि ब्लॉक हाताने आपटला तर कोपरा तुटत होता. पेव्हर ब्लॉकचे भारतीय मानक 15658 आहे. फक्त माणसे चालणाऱ्या जागेलासुद्धा त्यात एम-30 ताकद सांगितली आहे आणि वाहने जाणार असतील तर त्याहून जास्त. आम्ही टेस्ट रिपोर्ट मागितला. रिपोर्ट होता, नीट होता, फक्त तो आमच्या ब्लॉकचा नव्हता. तारीख काम सुरू होण्याच्या आधीची होती.

साध्या काँक्रीटमध्ये हे चालते, तर प्लास्टिकच्या काँक्रीटमध्ये काय चालेल? तिथे प्रमाण 10 टक्के हवे की 25, तुकडा वाळूएवढा हवा की बोटाएवढा, हे डोळ्यांना कळत नाही. सिमेंट कमी पडले तर दोष प्लास्टिकला देता येईल. 'नवीन प्रयोग आहे, थोडेफार होणारच.' हे वाक्य आम्हाला आताच ऐकू येते आहे. आणि प्रयोग करायला जागा कुठली निवडतील? तहसीलदारांच्या बंगल्यासमोरची नाही.

ब्लॉकबद्दल आणखी एक शंका आहे. ब्लॉकवर चालून, गाड्या फिरून तो झिजतो. त्यात प्लास्टिक असेल तर झिजलेला चुरा नालीत जातो, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून विहिरीत. कचरा संपला असे म्हणत आपण तो बारीक करून पुन्हा पाण्यात सोडायचा, यात काय शहाणपण आहे? म्हणून आमचे मत असे झाले आहे की प्लास्टिकचे काँक्रीट वापरायचेच तर जिथे झीज नाही आणि लोडही नाही तिथे वापरावे. कंपाउंड भिंतीचे ठोकळे, झाडाभोवतीचे कठडे, खोलीतल्या मधल्या भिंती. यात चूक असेल तर सिव्हिल शिकणाऱ्या मित्रांनी दाखवून द्यावी, आम्ही सुधारून घेऊ.

हे झाले वस्तूचे. आता माणसाचे.

1972 च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातून जी माणसे पुण्याला गेली, त्यात बौद्ध आणि मातंग बाया मोठ्या संख्येने होत्या. इथे त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडीवर दिवस काढले होते. तिथे जाऊन काय काम मिळाले? शेती नाही, लिहिता-वाचता येत नाही, घरकामाला ठेवायला जात आडवी येते. कचराकुंडी मात्र कुणाला जात विचारत नव्हती. खरे तर तीही विचारत होतीच. या जातीच्या बाया सोडून कुणीही त्या कुंडीत हात घालत नव्हते. 1993 मध्ये या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढाव तिचे अध्यक्ष होते. महापालिकेचे ओळखपत्र मिळाले. 2008 मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि घरोघरचा कचरा उचलण्याचा करार महापालिकेने तिच्याशी केला. त्यानंतरही करार संपला की दर वेळी 'एखाद्या मोठ्या कंपनीला देऊन टाका' ही हाकाटी उठते आणि या बाया मोर्चा घेऊन महापालिकेवर जातात. पुण्याची ही गोष्ट मुळात आपल्या गावांची आहे. त्या बायांतल्या कुणाची ना कुणाची माहेरवाट लातूर-नांदेडकडे येते.

मुखेडसारख्या गावात मात्र ना संघटना ना ओळखपत्र. घंटागाडी आली, तिच्यावर दोन-चार माणसे कंत्राटी, बाकीच्या बाया कोपऱ्याकोपऱ्यावर आपापल्या. 2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची नोंद करा, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या असे स्थानिक संस्थांना स्पष्ट सांगितले होते. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत 2024 मध्ये कचरावेचकही घेतले गेले. तुमच्या गावात किती जणींची नोंद झाली, ते नगरपरिषदेत जाऊन विचारा.

आणि इथे प्लास्टिकच्या काँक्रीटमधला असा एक काटा आहे जो व्हिडिओत दिसत नाही. गोव्याच्या प्रयोगात सगळ्यात चांगले निघाले ते पेट, म्हणजे पाण्याची बाटली. पण पाण्याची बाटली हा कचरा राहिलेलाच नाही. तिला भंगारात भाव आहे. तिचा धागा होतो, कपड्यात जातो. कचरा वेचणाऱ्या बाईच्या दिवसाच्या कमाईत बाटली, पुठ्ठा आणि जाड प्लास्टिक हाच मुख्य माल असतो. जी पन्नी खरोखर कुणी घेत नाही ती वेगळी. गुटख्याची पुडी, कुरकुऱ्याचे पाकीट, शाम्पूची पुडी, ज्यात प्लास्टिकवर चमकदार पत्र्याचा थर असतो. ही पाकिटे नालीत, लेंडीत, बाभळीवर असतात. पण ती काँक्रीटला नीट चालत नाहीत. तेव्हा उद्या एखाद्या कारखान्याने काँक्रीटसाठी बाटल्या गोळा करायचे कंत्राट घेतले, घराघरातून थेट गाडीने उचलल्या, तर कचरा कमी होईल की नाही ते माहीत नाही, आमच्या आजीची कमाई मात्र नक्की कमी होईल. गुटख्याची पुडी आहे तिथेच राहील.

पैसा कुठून कुठे जातो तेही बघा. 2022 पासून केंद्राचा नियम आहे की पाकिटे आणि बाटल्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी तेवढे प्लास्टिक परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावली पाहिजे. प्रत्यक्षात ती लावतो कुणी प्रक्रिया करणारा, त्याला त्याचे प्रमाणपत्र मिळते आणि कंपनी ते विकत घेते. पुन्हा वापरता न येणारे प्लास्टिक रस्त्यात घातले तर तेही या हिशेबात धरले जाते. म्हणजे प्लास्टिकला आता दोन किमती आहेत, एक भंगाराच्या वजनकाट्यावरची आणि एक दिल्लीच्या पोर्टलवरची. वेचणाऱ्या बाईला पहिलीच किंमत मिळते. दुसरी आहे हेच तिला माहीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालात 2019-20 साली देशात सुमारे 34.7 लाख टन प्लास्टिक कचरा झाला असे आहे. इतक्या मालाच्या बाजारात सगळ्यात खालची पायरी कुणाची, हे जातनिहाय मोजायला हवे.

आता आमच्याच माणसांनी घेतलेला आक्षेप. अभ्यासिकेतल्या त्या बैठकीनंतर एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला चांगलेच झापले. तो म्हणाला, "बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडा म्हणून सांगितले. तुम्ही आता पन्नी वेचायचे भाव वाढवून मागताय. उद्या तुमच्या लेकीला तेच काम करायला लावणार का?"

हा आक्षेप हलका नाही. आम्ही त्यावर दोन रात्री भांडलो आणि अजून आमच्यातल्या सगळ्यांचे एकमत झालेले नाही. जातिव्यवस्थेने माणसांचीच वरखाली वाटणी केली हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडले. 1945 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी सफाईच्या कामाला पवित्र ठरवणाऱ्या गांधीवादी भूमिकेचा समाचार घेतला. घाणीचे गुणगान गाऊन माणसाला घाणीतच ठेवायचे हा डाव त्यांनी ओळखला होता. आज 'स्वच्छतादूत', 'पर्यावरणाचे सैनिक' असे शब्द आले की आम्हाला तोच वास येतो. शाल-नारळ देऊन फोटो काढतात आणि हातमोजे देत नाहीत.

पण त्याच बाबासाहेबांनी मुंबई महापालिकेतल्या सफाई कामगारांची संघटनाही बांधली. 'आधी काम सोडा, मग तुमच्यासाठी लढू' असे ते त्यांना म्हणाले नाहीत. जी बाई आज सकाळी पाचला पोते घेऊन निघाली आहे, तिला आज भाव, ओळखपत्र, दवाखाना हवा. तिच्या लेकीला शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हवी. या दोन मागण्यांत भांडण नाही. भांडण तेव्हा होते जेव्हा आपण फक्त पहिली मागतो आणि दुसरी विसरतो, किंवा दुसरीच्या नावाखाली पहिली बाईला उपाशी ठेवतो. आमचे हे मत त्या कार्यकर्त्याला पूर्ण पटलेले नाही. तो म्हणतो, भाव वाढला की काम सुटत नाही, पक्के होते. पुण्याच्या बायांच्या मुली काय करतात ते बघून या, एवढे आम्ही त्याला सांगितले आहे. जाऊन यायचे ठरले आहे.

एक वाट मात्र आम्हाला दोघांनाही मान्य झाली. वेचण्याचे काम आपल्याकडे आणि यंत्र दुसऱ्याकडे, ही विभागणी मोडायची. प्लास्टिक निवडणे, धुणे, चुरा करणे, ठोकळे पाडणे यांतली यंत्रे फार मोठी नाहीत. 2019 मध्ये आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशात, आबिजान शहरात, युनिसेफ आणि कोलंबियाच्या एका कंपनीने टाकाऊ प्लास्टिकच्या विटांपासून शाळेच्या खोल्या बांधायचे काम हाती घेतले, त्याला प्लास्टिक पुरवणाऱ्या बाया तिथल्याच कचरावेचक होत्या. तिथेही बायांनी माल दिला आणि कारखाना दुसऱ्याचा होता. आपल्याकडे तो बायांचाच का नसावा? महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, लोकशाहीर अण्णा भाऊ साठे विकास महामंडळ आहे, मागासवर्गीयांच्या औद्योगिक सहकारी संस्थांना अर्थसाहाय्य देण्याची योजना होती. त्या योजनेतल्या किती संस्था पाटीपुरत्या राहिल्या आणि त्यांच्या पाट्यांवर आपल्यातल्याच कोणकोणत्या पुढाऱ्यांच्या नातेवाइकांची नावे होती, हे आपल्याला बाहेरच्यांनी सांगायची गरज नाही. म्हणून संस्था काढायची तर सभासद प्रत्यक्ष वेचणाऱ्या बायाच हव्यात. आमच्यासारख्या भाषण करणाऱ्यांनी फार तर हिशेब लिहून द्यावा.

नगरपरिषदेकडे आम्ही जो अर्ज देणार आहोत त्यात तीनच गोष्टी आहेत. गावातल्या सगळ्या कचरावेचक बायांची नोंद आणि ओळखपत्रे. आपल्या वस्तीत कुठलेही सिमेंटचे काम, प्लास्टिकचे असो की साधे, झाले तर त्याच कामावर, आमच्यासमोर क्यूब भरायचे किंवा ब्लॉक उचलायचे आणि नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या सरकारी अनुदानित ठिकाणी फोडून आणायचे; रिपोर्ट आल्याशिवाय बिल नाही. आणि दलित वस्तीच्या निधीतून पुढचे काम ब्लॉकचे न करता अभ्यासिकेच्या खोलीचे. तिसरी मागणी विषयाला सोडून आहे असे काहींना वाटेल. आम्हाला वाटत नाही. अर्जाची प्रत ज्यांना आपल्या गावात वापरायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी, नाव बदलावे.

पोरांचा प्रोजेक्ट थांबलेला नाही, उलट वाढला आहे. त्यांनी आता वहीत एक रकाना जास्त आखला आहे: प्लास्टिक कुणी वेचले, किती तास लागले, काय भाव दिला. आजीने त्यांना चार किलो बाटल्या दिल्या आणि भंगारवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त लावून पैसे मोजून घेतले. त्या बाटल्यांचे सहा क्यूब भरले आहेत, तीन साधे आणि तीन प्लास्टिकचे. कॉलेजच्या टाकीत पाण्यात पडून आहेत. 28 दिवस झाले की फोडायचे आहेत, आणि तेव्हा आजीलाही न्यायचे ठरले आहे.